तबलजी आला नव्हता

मैफलीत तबल्याला एकच माणूस बसतो, हा पुण्याबाहेरच्या लोकांचा समज आहे. पुण्यात सभागृहात जितक्या मांड्या तितके तबलजी. व्यासपीठावरचा एक तेवढा मानधन घेतो, बाकीचे तिकीट काढून वाजवतात. त्यांच्यातही प्रकार आहेत. कोणी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजतो, कोणी नुसता अंगठा हलवतो, आणि एक जण असा असतोच, जो खाली दाखवताना हात इतका लांब फेकतो की शेजारच्याला दर आवर्तनाला चष्मा सांभाळावा लागतो. समेला सगळे मान टाकतात. ज्याची मान भलत्याच मात्रेवर पडते तो ती लगेच उचलत नाही. तशीच खाली ठेवून, आपण स्वरात बुडालो आहोत असं दाखवतो आणि पुढच्या समेची वाट बघतो.

सवाई गंधर्व महोत्सवात हाच प्रकार हजारांच्या संख्येने चालतो. १९५३ साली भीमसेन जोशींच्या पुढाकाराने सुरू झालेला हा महोत्सव कितीतरी वर्षं रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, आता मुकुंदनगरला होतो. मंडप अवाढव्य. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे व्यासपीठापासून सत्तर मीटरवर बसलेल्या रसिकापर्यंत सम पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. मागच्या रांगेतली मान पुढच्या रांगेतल्या मानेनंतर पडते ती त्यामुळे. पण पुढचे लोक याचा अर्थ मागच्यांना तालाचं अंग नाही असा लावतात, आणि मागचे म्हणतात, पुढे सगळे पासवाले बसलेत.

अशा गावात मेट्रोनोम नावाच्या वस्तूचा निभाव लागणं कठीणच होतं. मिनिटाला जितके ठोके सांगाल तितके देणारं हे यंत्र. कमी नाही, जास्त नाही. त्याचा मोठा दोष असा की त्याच्याकडे डोळे वटारून बघता येत नाही. तबलजी पुढे पळाला तर गायक नुसती मान वळवतो आणि तबलजी मुकाट्याने मागे येतो. मेट्रोनोमकडे कितीही मान वळवा, ते टिकटिकत राहतं. शिवाय ते दादही देत नाही.

या यंत्राचा जन्मच वादातून झाला आहे, हे मात्र पुणेकरांना आवडेल. १८१४ च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये दिट्रिख विंकेल नावाच्या कारागिराने लंबकाला वर आणि खाली अशी दोन वजनं लावून सावकाश झुलणारा छोटा लंबक बनवला. योहान मेल्झेल तिथे आला, त्याने तो बघितला, त्यावर आकड्यांची पट्टी बसवली आणि १८१५ मध्ये पॅरिसला पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं. पुढे हॉलंडमधल्या जाणकारांनी मूळ कल्पना विंकेलचीच असा निवाडा दिला, पण तोवर युरोपभरच्या स्वरलिपींवर मेल्झेलची आद्याक्षरं छापली जाऊ लागली होती. आपल्याकडे हे घडलं असतं तर वाचकांच्या पत्रव्यवहारात दोन पिढ्या पुरलं असतं. १८१७ मध्ये खुद्द बेथोवनने आपल्या रचनांसाठी मेट्रोनोमचे आकडे जाहीर केले. त्यातले काही इतके वेगवान आहेत की त्याचं यंत्रच बिघडलेलं होतं का, यावर तिकडचे विद्वान अजून भांडतात. माणूस चुकला असेल ही शक्यता दोनशे वर्षं चर्चेत मागेच राहिली आहे. मला हे फार ओळखीचं वाटतं.

मेट्रोनोमच्या नेहमीच्या पट्टीवर सगळ्यात संथ आकडा ४०, सगळ्यात जलद २०८. आपला विलंबित ख्याल या पट्टीत मावत नाही. विलंबित एकतालात एका मात्रेला चार सेकंद लागले तर मिनिटाला पंधराच मात्रा होतात आणि एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं. एवढ्या संथ लयीला यंत्र लावलं तर दोन ठोक्यांच्या मध्ये घरातलं कोणीतरी येऊन ‘बंद पडलंय वाटतं’ म्हणून त्याला चापट मारून जाईल. रूपकात त्याहून अडचण. सात मात्रांच्या या तालाची पहिलीच मात्रा खाली. ती हलक्या हाताने सोडायची. यंत्राला सात आकडा देता येतो, पण पहिल्या ठोक्याला घंटा वाजवायची त्याची खोड जात नाही. जिथे सगळ्यांनी अलगद हात उलटायचा तिथेच हे ‘टिंग’ करतं.

यावर आपल्या लोकांनी इलाज काढला. बंगळूरला जी. राज नारायण या इंजिनियरने, जो स्वतः बासरीही वाजवतो, रॅडेल कंपनी काढून इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तालमाला आणली. नुसते ठोके न देता ठेकाच वाजवणारी पेटी. पुण्यातल्या पेठांत एके काळी पहाटे भूपाळ्या ऐकू यायच्या, त्या जागी घराघरातून झपतालाची पेटी ऐकू येऊ लागली. आता ती फोनमध्येच आहे. रियाजाला ही सोय उत्तम. गाणारा जिवंत आहे, समोर आहे, पेटीच्या लयीत गायचं की नाही हे त्याच्या हातात आहे.

खरी मजा तेव्हा येते, जेव्हा गाणं आधीच गाऊन झालेलं असतं.

माझी आत्या लहानपणी भारत गायन समाजात शिकायला जायची. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये काढलेल्या संस्थेत शिकल्यामुळे लयीच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा, असं ती मानते आणि घरात कोणी तो मोडलेला नाही. ऐंशीच्या दशकात तिच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या गच्चीवर कोजागिरीला गाणं झालं होतं. आत्या, पेटीवर काका आणि एक टेपरेकॉर्डर. तबलजी आला नव्हता. कोजागिरीला पुण्यातल्या तबलजीला तीन गच्च्यांवरून तरी बोलावणं असतं आणि त्याने तिन्हीकडे ‘येतो’ म्हटलेलं असतं. तो कोणत्या गच्चीवर अडकला हे शेवटपर्यंत कळलं नाही. आत्या तशीच गायली. दादऱ्यातलं एक भावगीत, मांडीवर ताल धरून. कॅसेट राहिली.

यंदा आत्याच्या अमृतमहोत्सवाचा घाट घातला तेव्हा माझ्या पुतण्याने ठरवलं, त्या गाण्याला आता तबला घालायचा. पुतण्या हिंजवडीत नोकरी करतो आणि कोथरूडच्या फ्लॅटमधल्या लहान बेडरूममध्ये त्याने स्टुडिओ केला आहे. म्हणजे भिंतींना काळा फोम, दाराला दोन गाद्या, आणि आत गेलं की घाम. ‘सोपं आहे,’ तो म्हणाला. ‘गाणं कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, मेट्रोनोम त्याच्याशी जुळवायचा, म्हणजे क्लिक बरोबर पडते. मग त्या क्लिकवर तबल्याचे बोल आपोआप बसतात.’

‘आपोआप’ हा शब्द उच्चारला की पुढे खूप काम असतं, एवढा संसाराचा अनुभव त्याला अजून नाही.

पहिला प्रश्न आला कॅसेटच्या वेगाचा. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास सरकावी असा नियम, पण जुन्या डेकचा रबरी पट्टा सैल झाला की ती वाटेल तशी सरकते. वेग साधारण सहा टक्के बदलला तर अख्खा अर्धा स्वर बदलतो. आमच्या कॅसेटवरचा षड्ज पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत पडत होता. ‘मी काळी चारमध्येच गाते,’ आत्या म्हणाली, आणि ती आज्ञा समजून पुतण्याने वेग थोडा वाढवला. षड्ज काळी चारला येऊन टेकल्यावर आत्याचा आवाज पंचेचाळीसचा होता तो तिशीचा झाला. तिने हे काम मनापासून मंजूर केलं.

मग आत्याचा आवाज स्क्रीनवर निळ्या रेघोट्यांत उमटला. ‘मी एवढी जाड दिसते?’ तिने विचारलं. पुतण्याने ‘ते व्हॉल्यूम आहे’ असं सांगितल्यावर ती अधिकच गप्प झाली.

आता समेचा शोध. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनी शिकणाऱ्याला पहिल्याच धड्यात सांगतात, चित्र आणि आवाज वेगवेगळे टिपले असतील तर दोन्हीत एक समान खूण हवी. कॅमेऱ्यासमोर पाटी आपटतात ती त्यासाठी. आपटतानाचं चित्र आणि आपटल्याचा आवाज एकमेकांवर ठेवले की बाकीचं जुळतं. म्हणजे पाटी ही सिनेमाची सम. कोजागिरीच्या गच्चीवर कोणी पाटी आपटली नव्हती. सॉफ्टवेअरला वाटलं, फाइलमधला पहिला मोठा आवाज तीच पहिली मात्रा. तो काकांचा खोकला होता. त्या हिशेबाने काकांचा खोकला समेवर आणि आत्या गाणंभर बेताल. शिवाय या गाण्याचा मुखडा पाचव्या मात्रेवरून उठतो. दोन मात्रा अगोदर शब्द सुरू होतात आणि मग सम येते. आपल्याकडे चौथीतलं पोरसुद्धा अशा उठावाला बरोबर जागी मान हलवतं. सॉफ्टवेअरला मात्र शब्द आला की सम आली असंच वाटतं.

ठोके आपोआप ओळखायची सोयही असते. आवाजात जिथे जिथे एकदम टोक दिसतं तिथे यंत्र मात्रेची खूण करतं. गच्चीवरच्या त्या ध्वनिमुद्रणात टोकं भरपूर होती. स्टीलच्या पेल्यांचा आवाज. जिन्यावरून कोणीतरी चप्पल वाजवत आलं तो आवाज. आजोबांचं ‘वा!’, जे आयुष्यभर समेच्या दीड मात्रा आधी पडायचं आणि घरात कोणी त्यांना हे सांगायला धजावलं नाही. यंत्राने त्या ‘वा’ला प्रत्येक वेळी सम मानलं. आजोबा असते तर म्हणाले असते, चाळीस वर्षांनी का होईना, कोणाला तरी ताल कळला. एवढं करून यंत्राने शेवटी लय जाहीर केली: मिनिटाला ६३. मग स्वतःच खोडून १२६. निम्मं की दुप्पट हा घोळ ही सॉफ्टवेअरं सर्रास घालतात. वर चार-चार मात्रांचे खण पाडले, कारण न सांगता कोणतंही गाणं चार मात्रांचं धरायची त्यांना सवय. दादरा सहाचा. चार आणि सहाची गाठ बारा मात्रांनी पडते. म्हणजे यंत्र आणि आत्या अधूनमधून एकमेकांना समेवर भेटत आणि पुन्हा आपापल्या वाटेला लागत. आत्या म्हणाली, ‘तुझे आजोबा आणि मी असेच होतो.’

पुतण्याने मग यंत्र बाजूला ठेवून बोटाने ठोके द्यायचे ठरवले. गाणं ऐकत कळ दाबत राहायचं, सॉफ्टवेअर त्याची सरासरी काढतं. पण हे दिवस गणपतीच्या आधीचे. म्हात्रे पुलाच्या बाजूला नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू झाला की कोथरूडच्या खिडकीतून तो आत येतो, गाद्या लावा की काही करा. ताशा एकदा घुमू लागला की पुण्यातला कोणताही अवयव दुसऱ्या लयीत हलत नाही. पुतण्या कानात आत्याचा दादरा ऐकत होता आणि बोट पथकाच्या ठेक्यात चाललं होतं. सॉफ्टवेअरने त्या दिवशी जी लय दाखवली ती अतिशय पक्की होती. अख्ख्या शहरात तशी पक्की लय दुसरीकडे नव्हती. नुसती आपल्या गाण्याची नव्हती इतकंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पथकं ऑफिसात असताना, त्याने आत्यालाच ठोके द्यायला बसवलं. कानात बिनतारी हेडफोन. आत्याने कळ दाबली आणि प्रत्येक ठोका स्क्रीनवर मागे पडू लागला. पुतण्या म्हणाला, ‘आत्याआजी, तू जरा लेट येतेयस.’

खोलीत हवा नव्हतीच, आता होती तीही गेली. ‘मी? लेट?’ आत्या म्हणाली. ‘तुझ्या बापाच्या मुंजीला मी गायले होते. तेव्हा तबल्याला कोण होतं विचार.’

दोष हेडफोनचा होता. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज बांधून, हवेतून पाठवून, पुन्हा सोडवण्यात सेकंदाचा पाचवा भागसुद्धा जाऊ शकतो. त्या दादऱ्यात एक मात्रा अर्ध्या सेकंदाहून लहान. म्हणजे आत्या ऐकत होती तेच जवळजवळ अर्ध्या मात्रेने शिळं होतं. तारेचा हेडफोन लावल्यावर आत्या बरोबर आली. पण त्यानंतर काहीही बिघडलं की ती ‘हेडफोन बघ’ एवढंच म्हणायची, कूलर बंद पडला तेव्हासुद्धा.

सरासरी निघाली १२६.४. सॉफ्टवेअरच्या खिडकीत पुतण्याने सोयीसाठी १२६ लिहिलं. पॉइंट चारसाठी कोण अडतं? त्या पॉइंट चारने काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. मिनिटाला पॉइंट चार मात्रेचा फरक, म्हणजे सव्वा मिनिटात अर्धी मात्रा. पहिलं कडवं संपेपर्यंत टिकटिक दोन मात्रांच्या बरोबर मधोमध पडू लागली. पुतण्याने १२६.४ लिहिलं. आता सुरुवात जुळली, शेवट जुळला, मधे सगळं घसरलं. कारण सरासरी ही कॉम्प्युटरची सोय आहे, आत्याने सरासरी लयीत एकही ओळ गायलेली नाही.

यावर दोन उपाय असतात. सगळ्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही मिळतात, नुसती नावं वेगळी. एक, गाणं ताणून-आखडून टिकटिकीवर बसवायचं. दोन, टिकटिक वाकवून गाण्यामागे न्यायची. तरुण माणूस पहिला उपाय आधी करतो. पुतण्याने केला. आत्याची प्रत्येक मात्रा सरळ रेषेवर आणून ठेवली. जिथे ती शब्द जरा रेंगाळवून मग समेवर अलगद सोडते तिथला रेंगाळ कापला, जिथे घाईने दोन अक्षरं गिळते तिथे ती ताणली. मग ऐकवलं. आत्या पाढे म्हटल्यासारखी गात होती. ताणलेल्या जागी आवाजाला पाण्याखालची थरथर आली होती. आत्याने डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि विचारलं, ‘ही बाई कोण?’

मला वाटतं गाणं आणि ठोका यांचा सगळा इतिहास या दोन उपायांमधलाच आहे. पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीला गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांची चाल, दर आठवड्याला नवं गाणं, एकूण छप्पन्न. तिथे कोणाच्या कानात टिकटिक नव्हती. वादक गायकाकडे बघायचे, गायक वादकांकडे. अमेरिकन सिनेमावाले मात्र त्याआधीच टिकटिकीच्या आहारी गेले होते. फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी असते, तिला ठरावीक अंतरावर भोकं पाडायची. भोक आलं की ‘टक’. सेकंदाला चोवीस चौकटी, दर बाराव्या चौकटीला भोक, म्हणजे मिनिटाला बरोबर १२० ठोके. त्यावर वाद्यवृंद वाजवायचा, म्हणजे पडद्यावरचा उंदीर नेमका झांजेवर आपटतो. आता तर गाण्याचा तबला मंगळवारी होतो, बासरी गुरुवारी, गायक त्याच्या सवडीने कधीतरी रात्री. या सगळ्यांनी एकमेकांचं तोंडही बघितलेलं नसतं. त्यांची ओळख ती टिकटिकच करून देते.

पुण्याने टिकटिकीला काम दिलंच नाही असं नाही. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली, आज तिथेच फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९३७ च्या ‘कुंकू’त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत जवळजवळ वापरलंच नाही, प्रसंगातल्याच आवाजांवर भागवलं. त्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला जवळपास एका नटाचं काम आहे. केशवराव दात्यांचा म्हातारा नवरा, शांता आपट्यांची तरणी बायको नीरा, आणि वर ते लंबकाचं घड्याळ. पण तिथे टिकटिक म्हाताऱ्याचं सरलेलं वय मोजते. तिच्या तालावर नीरा गात नाही, हाच तर त्या सिनेमाचा मुद्दा.

तर पुतण्या दुसऱ्या उपायाला आला. टिकटिक आत्याच्या मागे न्यायची. यासाठी प्रत्येक समेला हाताने खूण लावावी लागते. दोन खुणांच्या मध्ये यंत्र आपली लय कमी-जास्त करून घेतं आणि पुढच्या खुणेला हजर होतं. तबलजीला हे सांगावं लागत नाही. गायकाच्या खांद्याकडे बघून तो ओळखतो की आता बाई थांबणार आहेत. यंत्राला मात्र गाणं संपून चाळीस वर्षं झाल्यावरही, सम कुठे होती, हे बोट धरून दाखवावं लागत होतं. पेटीच्या भात्याच्या आवाजात आणि गच्चीवरच्या कलकलाटात सम नेमकी कुठे पडते हे ऐकून ऐकून पुतण्याचे डोळे लाल झाले.

तेव्हा बांगड्या कामाला आल्या. आत्याने मांडीवर ताल धरला होता आणि हातात काचेच्या बांगड्या होत्या. पुतण्याने खालचे सगळे आवाज गाळून टाकले. पेटी गेली, काका गेले, आजोबा गेले, आत्याचा गळासुद्धा गेला. वरच्या पट्टीतला काचेचा आवाज तेवढा राहिला. समेला हात मांडीवर पडायचा तेव्हा ‘खण्’. चौथ्या मात्रेला, खालीला, हात उलटायचा तेव्हा नुसती किणकिण. गाणंभर, एकही सम न चुकवता. भारत गायन समाजाने हाताला लावलेलं वळण असं हार्ड डिस्कवर सापडलं. पुतण्याने प्रत्येक ‘खण्’वर खूण मारली.

खुणा पूर्ण झाल्यावर स्क्रीनवर लयीची रेघ तयार झाली. सुरुवातीला १२२. हळूहळू १२५. पहिल्या अंतऱ्यात पुन्हा जरा खाली, शब्दांवर थांबत थांबत. आणि दुसऱ्या अंतऱ्याला एकदम चढ, थेट १३१.

‘आत्याआजी, इथे काय झालं?’ पुतण्याने विचारलं. ‘भाव बदललाय ना इथे? चांदण्याचं वर्णन आहे म्हणून तू लय वाढवलीस?’

आत्या रेघ निरखून बघत होती. ‘दूध,’ ती म्हणाली. ‘गच्चीवरच शेगडी होती. दूध वर यायला लागलं होतं आणि सगळे माझ्याकडे बघत बसलेले. कोणी उठेना.’

मसाला दुधाची ती उकळी सॉफ्टवेअरमध्ये इतकी स्वच्छ दिसत होती की केव्हा आच कमी केली तेही सांगता आलं असतं. शेवटच्या ओळीला रेघ खाली येते. तोवर काकूने पातेलं उतरवलं होतं.

एकच जागा अशी होती की पुतण्याला काही केल्या उलगडेना. दुसऱ्या अंतऱ्यात, त्याच चढणीवर, एका आवर्तनात बांगडी सहाऐवजी पाच मात्रांनीच वाजली होती. त्याने परत परत मोजलं. पाचच. सॉफ्टवेअर पुतण्यापेक्षा आज्ञाधारक. त्याला सांगितलं की इथे पाचचा खण कर, ते करतं. पुतण्याने केला. त्यावर तबल्याचे बोल टाकले. सगळीकडे ‘धा धिं ना, धा तिं ना’ आणि त्या एका जागी ‘धा धिं ना, धा तिं’ आणि लगेच सम. बाकी गाणं इतकं सुरेख जुळलं होतं की डोळे मिटून ऐकलं तर खरोखरच कोणीतरी आत्याच्या उजव्या हाताला बसून, तिच्या तोंडाकडे बघत वाजवतंय असं वाटावं. आत्या थांबली की हा थांबतो, दूध वर आलं की हाही घाईला येतो.

समारंभ कर्वे रोडजवळच्या एका कार्यालयात झाला. औक्षण झालं, भाषणं झाली, एका वक्त्याने आत्याचं वय दोनदा चुकवलं. मग ध्वनिफीत लावली. मंडळी खूश. समेला माना पडल्या, त्याही बऱ्याचशा एकदम. जुन्या वाड्यातली माणसं एकमेकांना कोजागिरीची आठवण करून देत होती. आणि पहिल्या रांगेत, शाल पांघरून, ते तबलजी बसले होते. तेच. आता पंच्याऐंशीच्या पुढचे. त्यांना कोणी बोलावलं हे कोणालाच माहीत नव्हतं, पण या वेळी ते वेळेवर आले होते.

गाणं संपल्यावर लोक उठून आत्याला नमस्कार करू लागले आणि जाता जाता त्यांच्याही पाया पडू लागले. काय साथ केली होतीत हो बुवा तुम्ही, एकेक मात्रा कशी बाईंच्या बरोबर. बुवा मान हलवत होते. ‘तेव्हा हात बरा होता,’ ते प्रत्येकाला म्हणाले. पुतण्या खरं सांगायला पुढे झाला, मी त्याचा शर्ट धरला. पंच्याऐंशीच्या माणसाला न वाजवलेल्या तबल्याची दाद मिळत असेल तर आपण मधे का पडा?

आत्याने मात्र खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

‘बुवा, दुसऱ्या अंतऱ्याला मी एक मात्रा खाल्ली होती,’ ती म्हणाली. ‘साथीदाराने असं झाकून न्यायचं असतं. माणसं फसतात, त्यासाठीच तुम्हाला बसवतात. तुम्ही काय केलंत? माझ्याबरोबर तुम्हीही ती खाल्लीत. बरोब्बर तिथेच. सगळ्या कार्यालयाला कळलं.’

बुवांनी शाल सावरली. क्षणभर विचार केला.

‘चुकलंच, बाई,’ ते म्हणाले. ‘माझंही लक्ष दुधाकडे होतं.’